घट बसवताना: माती, पाणी, दिवा आणि माळ यांचा नेमका क्रम

नवरात्रात तिसऱ्या-चौथ्या माळेपासून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत एकच काळजी सुरू होते. घटाला कुबट वास येतोय, धान्य वर आलंच नाही, किंवा आलं ते पिवळं. मग मनात भीती शिरते, देवीचा कोप झाला का, आपल्या हातून काही राहिलं का. चूक झालेली असते हे खरं, पण ती बहुतेक वेळा मातीत, पाण्यात किंवा धान्याच्या निवडीत असते, आणि घट बसण्याच्या आधीच झालेली असते.

बसलेला घट उठेपर्यंत हलवायचा नाही. परडी सरकवायची नाही, टाक (देवांच्या धातूच्या लहान प्रतिमा) उचलायचे नाहीत. त्यामुळे नंतर दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. खरं काम प्रतिपदेच्या आधीच्या आठवड्यात आहे. पुढे दिलेला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तुमच्या घरचा कुळाचार कुठे वेगळा असेल तर तोच पाळा.

## १. आधी ठरवा: घटात कोणती देवी?

हा प्रश्न सोडून लोक थेट बाजारात जातात. मग प्रतिपदेला सकाळी देव्हाऱ्यासमोर वाद होतो.

घटात बसते ती तुमची कुळदेवी. कोल्हापुरात कुणाची तुळजाभवानी, कुणाची अंबाबाई, कुणाची सौंदत्तीची यल्लम्मा. ज्यांचं कुळदैवत जोतिबा आहे त्यांच्या टाकांत तोही असतो, आणि त्या घरांत घटही बसतो. घरातल्या थोरल्या बाईला, आजीला किंवा चुलत्यांना विचारून तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: टाक कोणकोणते, पहिली माळ कशाची, घट कधी उठतो. पिढी बदलताना नेमक्या याच तीन गोष्टी विसरल्या जातात.

शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा, कूष्मांडा, स्कंदमाता, कात्यायनी, कालरात्री, महागौरी, सिद्धिदात्री ही नवदुर्गांची नावं. रोज त्या दिवसाच्या देवीचं नाव घ्यावं, स्मरण करावं. पण त्यासाठी नऊ तसबिरी आणून रोज एक बदलायची गरज नाही. अंबाबाईच्या मंदिरात नवरात्रात रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात, ती पाहून घरीही घटाची मांडणी रोज बदलण्याचा मोह होतो. मंदिरात बदलतो तो अलंकार, मूर्ती जागची हलत नाही. रोजच्या साडीच्या रंगाचाही घटाशी संबंध नाही. हौस म्हणून जरूर नेसा, पण त्या रंगाचं फूल मिळालं नाही म्हणून माळ अडवू नका.

घटामागे अंबाबाईची तसबीर ठेवणार असाल तर ती नीट पाहून घ्या. दिवाळीला पुजतो ती कमळात बसलेली, हातातून नाणी सांडणारी लक्ष्मी वेगळी. करवीरनिवासिनी अंबाबाई उभी आहे, चार हातांची आहे. हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. दुर्गासप्तशतीच्या पाठाला शेवटी जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं जे वर्णन आहे ते हेच. म्हणून पूजेत एक म्हाळुंग मिळालं तर ठेवावं. नाही मिळालं तर अडत नाही.

तपासा: उपवास कोण धरणार, नऊ दिवसांचा की उठता-बसता (फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी), आणि रोज पाणी-माळ कोण करणार हे आताच ठरवा. हे काम किमान दोघांना यायला हवं. एकीला अडचण आली, आजारपण आलं, तर दुसरं माणूस तयार असतं आणि घरात धावपळ होत नाही.

## २. आठ दिवस आधी: माती, धान्य, घट, परडी

पितृपक्षात खरेदी नको म्हणून बरेचजण सगळं सर्वपित्री अमावस्येवर ढकलतात. पूजेचं साहित्य तेव्हा घ्या, हरकत नाही. पण माती वाळवणं ही खरेदी नव्हे, ती आधीच करा.

माती. शेतातली काळी माती घ्यायची आपली पद्धत आहे, आणि तिथेच पहिली गोम आहे. काळी माती पाणी धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे पाऊस पुरता उघडलेला नसतो, हवा दमट असते, आणि शेतातून आणलेली माती आधीच ओली असते. ती तशीच परडीत भरली तर धान्य कुजणारच. माती आणून कागदावर पसरा, उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, ढेकळं फोडून चाळून घ्या. तीन भाग मातीला एक भाग पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ वाळू मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याची उष्णता कोंबाला मारते आणि बुरशीही त्यातूनच वाढते.

धान्य. सर्वांत जास्त चुका इथे होतात. पाच, सात किंवा नऊ धान्यं घरच्या रीतीप्रमाणे घ्या, पण उगवणारीच घ्या:

- गहू, शाळू, मका, अख्खे मूग आणि जव चांगले उगवतात.
- तांदूळ उगवत नाही. भात घालायची रीत असेल तर सालासकट, म्हणजे साळ घ्या.
- कुठलीही डाळ उगवत नाही. तूरडाळ, मूगडाळ परडीत नुसती कुजते.
- हरभरा फार पाणी पितो, फुगतो आणि लवकर वास मारतो. रीतीपुरते आठ-दहा दाणे पुरेत.

बी-बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी किंवा निळ्या रंगाचा हात फिरवलेलं बियाणं अजिबात घेऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं. याच धान्याचे उगवलेले तुरे दसऱ्याला आपण मुलांच्या टोपीत खोवतो, गाईला घालतो. लक्ष्मीपुरीत मिळणारं खाण्याचं अख्खं धान्य सर्वांत बरं, फक्त जुनं आणि किडकं नको.

तपासा: प्रत्येक धान्याचे दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवा. दहातले सात-आठ फुटले तर ते धान्य वापरा. चार-पाचच फुटले तर दुसरं आणा.

घट. कुंभाराकडचा साधा, न रंगवलेला, भाजलेला मातीचा घट घ्या. त्याला बोटाने टिचकी मारा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे चीर आहे. घरी आणल्यावर तो पाण्याने भरून एका ताटात रात्रभर ठेवा. सकाळी ताटात किती पाणी झिरपलं ते पाहा. नुसता ओलावा असेल तर उत्तम. ताटात पाणी साठलं असेल तर हा घट परडीतली माती एकटाच भिजवणार, तुम्ही वरून पाणी घालायचं नाही. आणि ताट कोरडं ठाक असेल, म्हणजे घट रंगवलेला किंवा फार पक्का भाजलेला असेल, तर मातीवर रोज हाताने शिंपडावं लागेल. ही एका रात्रीची परीक्षा केली की पुढच्या नऊ दिवसांचा पाण्याचा अंदाज आधीच येतो.

परडी. बुरुडाकडची वेळूची परडी घ्या, स्टीलचं ताट नको. परडीतून जादा पाणी निथळतं, ताटात ते तळाला साचतं. परडीत पळसाची पत्रावळ अंथरा आणि तिला सुईने पाच-सहा भोकं पाडा. खाली पाट खराब होऊ नये म्हणून परडीखाली ताटली ठेवायला हरकत नाही, पण परडी आणि ताटलीत दोन चपट्या काड्या आडव्या घाला म्हणजे हवा खेळेल.

## ३. जागा, दिवा आणि माळेची दोरी

जागा निवडताना तीन गोष्टी एकदम बघा: उजेड, वारा आणि डोक्यावर काय आहे.

कोंब पिवळे येतात ते उजेड कमी म्हणून. देव्हारा बहुधा आतल्या अंधाऱ्या खोलीत असतो. त्यात अशुभ काहीच नाही, उलट पुष्कळ घरांत ते सोन्यासारखे पिवळे तुरेच आवडतात. हिरवे हवे असतील तर खिडकीचा तिरपा उजेड येईल अशी जागा आधीच निवडा, कारण नंतर परडी उजेडात नेता येणार नाही.

माळा बांधायची दोरी किंवा लाकडी मंडपी आधी पक्की करा. नऊ माळा, त्यावर कडाकण्या (तळलेल्या गोड, कडक पुऱ्या), एवढं वजन तिने पेलायला हवं. घट बसल्यावर भिंतीत खिळा ठोकायला गेलात तर माती, चुना, हादरे सगळं देवांवर.

अखंड दिव्याची जागा या दोरीच्या बरोबर खाली कधीही नको. वाळलेला झेंडू आणि तेलात तळलेली कडाकणी यांना ज्योत लागायला वेळ लागत नाही. दिवा माळेपासून किमान दोन हात बाजूला, वाळू पसरलेल्या पितळी ताटात, काचेच्या आत ठेवा. पडदा, पंखा, लाकडी देव्हाऱ्याची कड यांपासून लांब.

सावधान: ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला निघते, कोहळ्याचा विधी होतो आणि घरंच्या घरं टेंबलाईच्या टेकडीवर जातात. अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणेला पुन्हा तसंच. या दोन वेळी दिवा एकटा राहतो. घरात एक जाणतं माणूस थांबवा. कुणीच थांबू शकत नसेल तर दिवा शांत करून जा आणि परत आल्यावर नमस्कार करून लावा. घर पेटण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि आई एवढ्यासाठी लेकरांवर रागावत नाही.

## ४. अमावस्येचं काम

टाक घासायचे ते आजच. चिंचेने किंवा लिंबाने घासा, स्वच्छ धुवा, मऊ फडक्याने पूर्ण कोरडे करा. ओले टाक विड्याच्या पानावर ठेवले की पान दोन दिवसांत काळं पडतं, आणि ते बदलता येत नाही.

रात्री धान्य भिजत घाला. गहू, शाळू, मका आठ-दहा तास. मूग आणि हरभरा वेगळ्या वाटीत, चार-पाच तासच. तीळ भिजवायचे नाहीत. सकाळी सगळं निथळून फडक्यावर पसरा, दाणे सुटे झाले पाहिजेत.

नारळ शेंडी असलेला, डोळे कोरडे आणि वर कुठे ओल नसलेला निवडा. नऊ दिवस तो पाण्याच्या वाफेवर बसणार आहे. डोळ्यापाशी ओल असलेला नारळ आतून नासका निघतो.

## ५. प्रतिपदा: स्थापनेचा क्रम

घट दिवसा बसवायचा, रात्री नाही. पंचांगातली वेळ पाहा. मंदिरात तोफेची सलामी होऊन अंबाबाईचा घट बसला की आपल्याकडे पुष्कळ घरांत स्थापना होते. आधी रांगेत उभं राहून दर्शन घेतलंच पाहिजे अशी अट नाही. त्या गर्दीत दुपार होते आणि घरची स्थापना उपाशीपोटी, घाईत उरकली जाते.

१. जागा सारवून किंवा पुसून रांगोळी काढा, पाट मांडा.

२. परडीत पत्रावळीवर दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्या. माती आता पाण्याने भिजवा, पण मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि बोटांतून पाणी निघालं नाही, इतकीच ओल हवी.

३. मधोमध माती थोडी दाबून रिकामा घट बसवा. आधी धान्य पेरून मग घट ठेवणं ही नेहमीची चूक. घटाखालचे दाणे दडपतात, कुजतात आणि वास तिथूनच सुरू होतो.

४. घटाभोवती धान्य एकेरी थरात पसरा. दाण्यावर दाणा नको. वर अर्ध्या बोटाचा मातीचा थर भुरभुरा आणि हलक्या हाताने पाणी शिंपडा.

५. दिवा लावा. इथून तो अखंड.

६. सुपारीवर गणपतीचं पूजन करा, संकल्प सोडा. संस्कृत संकल्प येत नसेल तर आपल्या भाषेत, नाव-गोत्र सांगून म्हणा.

७. घटात पाणी भरा, काठापासून दोन बोटं कमी. त्यात गंध, अक्षता, सुपारी, नाणं, दूर्वा, फूल. तोंडावर पाच विड्याची पानं, देठ पाण्यात. मग नारळ, शेंडी वर. नारळाचा बुडखा पाण्याला टेकला नाही ना, ते वाकून बघा.

८. टाक विड्याच्या पानांवर मांडा. काही घरांत घटावरच ताम्हन ठेवून त्यात टाक बसवतात. तशी रीत असेल तर नारळ नसतो, हे दोन्ही मिसळू नका.

९. हळद-कुंकू, फूल वाहा. पहिली माळ बांधा, नैवेद्य दाखवा, आरती करा.

तपासा: आरतीनंतर पाच मिनिटांनी परडीखालच्या ताटलीत पाणी आलं आहे का पाहा. आलं असेल तर ताटली पुसा आणि पुढचे दोन दिवस मातीला पाणी घालू नका.

## ६. रोजचं काम: पाणी, माळ, ज्योत, पाठ

पाणी. रोज सकाळी बोटाचं एक पेर मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तरच हाताने शिंपडा, तांब्याने ओतू नका. भक्तीने रोज तांब्याभर पाणी घातल्यामुळे जितके घट कुजतात तितके दुसऱ्या कशानेच कुजत नाहीत. घटातलं पाणी कमी झालं तर नारळ न उचलता पानांच्या फटीतून पळीने भर घाला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि घाबरून लोक परडी बाहेर काढतात. ती बारीक मुळांची लव असेल तर प्रत्येक मुळाभोवती सारखी असते आणि पाणी शिंपडल्यावर दिसेनाशी होते. बुरशी मात्र राखाडी, जाळ्यासारखी पसरते, दाण्यावरून दाण्यावर जाते आणि वास मारते. बुरशी असेल तर पाणी थांबवा, तेवढेच दाणे चिमट्याने काढा, त्या जागी कोरडी माती आणि चिमूटभर हळद भुरभुरा.

माळ. पहिली माळ बहुतेक घरांत विड्याच्या पानांची. पुढे झेंडू, शेवंती, आणि याच दिवसांत रानात फुलणारी तिळाची, कारळ्याची फुलं. रोज एक वाढत जाते, आधीची काढायची नाही. माळ घटावर सुटेल इतकी लांब हवी, पण कोंबांवर लोळू नये. फुलं धुतली असतील तर पूर्ण निथळू द्या, ओली माळ कोंबांवर थेंब गाळत राहते.

माळा दिवस मोजून घालू नका, तिथी पाहा. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे मधे दहा दिवस आले. ज्यांनी नऊ मोजले त्यांची नववी माळ अष्टमीलाच पडली. तिथीची वृद्धी असेल (एकच तिथी दोन दिवस) तर माळ वाढते, क्षय असेल (तिथी गळाली) तर एका दिवशी दोन माळा बांधतात.

ज्योत. काजळी काढताना दिवा जातो, म्हणून आधी त्याच ज्योतीवर दुसरी निरांजन लावून घ्या, मग वात सारखी करा. तेल रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे घाला. वात जाड असेल तर तेल भराभर संपतं. दिवा विझलाच तर पुन्हा लावा आणि कामाला लागा. कुणाला बोल लावू नका.

पाठ. दुर्गासप्तशती १३ अध्यायांची, ७०० श्लोकांची. पहिला अध्याय महाकालीचा, दुसरा ते चौथा महालक्ष्मीचा, पाचवा ते तेरावा महासरस्वतीचा. कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं आधी, मग अध्याय, शेवटी रहस्यं. रोज पूर्ण पाठ झेपत नसेल तर सात दिवसांत १, २, १, ४, २, १, २ अशी अध्यायांची विभागणी रूढ आहे. अध्याय मध्येच तोडू नका. एवढाही वेळ नसेल तर महिषासुरवधाचे दुसरा ते चौथा हे तीन अध्याय शांतपणे वाचा. तेरा अध्याय धापा टाकत संपवण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

## ७. कडाकण्या

काही घरांत पाचव्या माळेला, काहींत सातव्या किंवा आठव्या माळेला कडाकण्या बांधतात. दमट हवेत त्या मऊ पडून गळून घटावर पडतात, ही दरवर्षीची रड.

दोन वाट्या मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. अर्धी वाटी साखर कमीत कमी पाण्यात विरघळवून त्यात पीठ घट्ट मळा. गूळ घालायची रीत असेल तर थोडा कमीच घाला. जास्त गुळाच्या लवकर लाल होतात, आत कच्च्या राहतात आणि हवेतली ओल ओढतात. तासभर झाकून ठेवा, पुरीपेक्षा पातळ लाटा, वेणी, फणी, करंडा असे देवीच्या साजाचे आकार कापा. दोरा ओवायचं भोक कच्च्या असतानाच पाडा, तळल्यावर पाडायला गेलं की तुटते. मंद आचेवर तळा, कागदावर पूर्ण गार करा, मगच ओवा. गरम बांधलेली कडाकणी स्वतःच्या वाफेनेच मऊ होते.

## ८. घट उठवणे

नवमीला की दसऱ्याला, हे तुम्ही वहीत लिहून ठेवलेलं आहे. खंडेनवमीला शस्त्रं, अवजारं, घरची यंत्रं पुजतात. ती घटाच्या जागेत दाटीवाटीने ठेवू नका, शेजारी वेगळा पाट मांडा.

उठवताना क्रम असा: पूजा, नैवेद्य, आरती, नमस्कार, मग घट जागेवरच किंचित हलवायचा. हलवण्याआधी तुरे उपटायचे नाहीत. नंतर आधी टाक उचला, मग नारळ, मग घट, शेवटी परडी. नारळ फोडून प्रसाद करा. आतून नासका निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, मातीत पुरा. घटातलं पाणी विड्याच्या पानाने घरभर शिंपडा, उरलेलं तुळशीला.

पहिले तुरे देवाला. मग थोरल्यांच्या टोपीत, बायकांच्या केसात, मुलांच्या कानावर. काही वेगळे ठेवा, संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला जाताना लागतात. आपट्याची पानं घेताना फांदी मोडू नका, चार पानं पुरतात.

माळांतले दोरे काढून फुलं खतात टाका. कडाकण्या प्रसाद म्हणून वाटा, पण धूळ बसलेल्या आणि फुलांच्या ओलीत भिजलेल्या बाजूला काढून. परडीतली माती आणि मुळं कुंडीत, परसात किंवा शेताच्या बांधावर नेऊन मिसळा, पंचगंगेत किंवा रंकाळ्यात नको. घट फुटका नसेल तर पूर्ण वाळवून कापडात बांधून ठेवा. पुढच्या वर्षी नवा घट आणायची रीत असेल तर हा तुळशीजवळ अर्धा पुरून रोज पाणी भरा, झिरपत्या ओलीवर तुळस उन्हाळ्यातही तग धरते.